ती कोणाकडची होती?

गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टला, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या मिस्सेनंतर ध्वजवंदन झाले की आपल्या परिसराच्या इतिहासावर कोणीतरी थोडे बोलावे, असे आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी ठरवले. निवृत्त माणूस म्हणून ते काम माझ्याकडे आले. पिंपरी-चिंचवडमध्ये राहून इतिहास सांगायचा म्हटल्यावर चापेकर बंधूंपासून सुरुवात करणे ओघानेच आले. नोकरीच्या काळात कारखान्याच्या बसमधून मी चापेकर चौक हजारो वेळा ओलांडला असेन. पण त्यांच्याविषयी सलग असे काही लिहिण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती.

टिपण सोपे होते. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला. साथ आटोक्यात आणण्यासाठी वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली समिती नेमली गेली. गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरे आणि स्वयंपाकघरे तुडवली गेली, बायकांना रस्त्यावर आणून तपासले गेले. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून रँड गणेशखिंडीतून परतत असताना त्याच्यावर गोळी झाडली गेली. आयर्स्ट हा लष्करी अधिकारी जागीच मेला, रँड ३ जुलैला. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे चिंचवडचे तिघे भाऊ आणि त्यांचे स्नेही महादेव रानडे फाशी गेले. फितूर झालेले द्रविड बंधूही मारले गेले.

टिपण पूर्ण झाल्यावर मी ते पुन्हा वाचले. मारणाऱ्यांची नावे त्यात होती, मेलेल्यांची होती, फितुरांची होती, फाशीच्या तारखा होत्या. ज्यांच्या विटंबनेचा सूड म्हणून हे सारे घडले असे आपण सांगतो, त्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव मात्र नव्हते. मला वाटले, माझे वाचन अपुरे असेल. म्हणून ग्रंथालयात गेलो, दोन-तीन ग्रंथ चाळले, पण माझ्या हाती एकही नाव लागले नाही. (त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवताना संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले वारल्या, हे आपल्याला ठाऊक असते. पण प्लेगच्या कथेत त्यांचा उल्लेख सहसा येत नाही. त्यांची कथा वेगळी सांगितली जाते.)

शोधताना एक जुने प्रकरण पुन्हा समोर आले. पंडिता रमाबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या, पण मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांच्याविषयी आपलेपणा वाटतोच. त्या वर्षी मे महिन्यात त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्राला लिहून पाठवले की, त्यांच्या आश्रयाला असलेल्या एका मुलीची पुण्याच्या प्लेग इस्पितळात दुर्दशा झाली आणि त्या ठिकाणी तरुण स्त्रियांना काडीचेही संरक्षण नाही. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने त्यांचे म्हणणे चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवून झटकून टाकले. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितले की, दोन स्त्रियांवर सोजिरांनी बलात्कार केला आणि त्यांपैकी एकीने त्यानंतर जीव दिला. मुंबईत परतल्यावर त्यांच्याकडे पुरावा मागितला गेला. पुढे येऊन साक्ष द्यायला कोणीही तयार झाले नाही. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली.

कोणी पुढे का आले नाही? आपण म्हणू, सरकारच्या भीतीने. ते खरेच आहे. गोऱ्या सोजिराविरुद्ध काळ्या बाईचा शब्द कोण मानणार होते? पण तेवढेच खरे नाही. साक्ष द्यायची म्हणजे आपल्या घरातल्या बाईचे नाव सांगायचे, आणि नाव सांगितले की घराण्याची अब्रू गेली. राज्यकर्त्यांचा वंशाभिमान आणि आपली कुलाभिमानाची कल्पना या जात्याच्या दोन तळ्यांमध्ये ती स्त्री पिसली गेली, आणि तिचे पीठही कोणाच्या हाती लागले नाही. तिच्यासाठी पिस्तूल उचलणारे निघाले, तिचे नाव उच्चारणारे निघाले नाहीत. चापेकरांच्या धैर्याला उणेपणा आणण्यासाठी मी हे लिहीत नाही. हा प्रश्न त्यांचा नसून आपला आहे. स्त्रीच्या हत्येचा किंवा विटंबनेचा आपल्याला येणारा संताप खरोखर तिच्यासाठी असतो, की ती ज्या टोळीची मानली जाते त्या टोळीसाठी? आणि तो टोळीसाठी असेल, तर त्याला सद्गुण म्हणावे काय?

इंग्रजांच्या राज्यात या प्रश्नाचे उत्तर उघड होते. १० एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या एका गल्लीत मार्सेला शेरवूड या मिशनरी बाईंना जमावाने मारहाण केली. गल्लीतल्याच हिंदी लोकांनी त्यांना घरात घेऊन वाचवले. पण नंतर जनरल डायरने हुकूम काढला की त्या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक हिंदी माणसाने पोटावर सरपटत जावे. ज्या शेजाऱ्यांनी त्या बाईंचे प्राण वाचवले, त्यांच्याच दारांसमोर हा हुकूम लागू झाला. एका गोऱ्या स्त्रीच्या जखमेची ही किंमत. आता दुसरे पारडे पाहावे. १८८४ साली आसामात चहाच्या मळ्याकडे मजुरीला नेल्या जाणाऱ्या सुकुरमोनी नावाच्या स्त्रीला एका गोऱ्या माणसाने रात्री डांबून ठेवले. ती पुढे मरण पावली. त्या माणसाला झालेली शिक्षा होती शंभर रुपये दंड. मजूर बाईचे निदान नाव तरी नोंदले गेले, हेच त्यातले विशेष.

राज्य गेले, तराजू मात्र मागे राहिला. १८६० च्या दंडसंहितेत इंग्रजांनी दोन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. एक, परक्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवणे हा नवऱ्याविरुद्धचा गुन्हा; जणू बाई म्हणजे त्याच्या मालकीचे शेत. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द केले. म्हणजे स्वतंत्र भारतात ते सत्तर वर्षांहून अधिक काळ जिवंत होते. दुसरी, ‘गंभीर आणि आकस्मिक चिथावणी’ने केलेला वध हा खून मानू नये, हा अपवाद. बायकोच्या चारित्र्याचा संशय आला म्हणून तिला मारणाऱ्या कितीतरी नवऱ्यांच्या वकिलांनी या अपवादाचा आसरा घेतला आहे. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे नवी न्यायसंहिता आली, वसाहतीच्या खुणा पुसण्याचे तिचे ध्येय असल्याचे सांगितले गेले. पण तो अपवाद तिच्यातही आहे. या बाबतीत साहेबाचा वारसा आपल्याला जड झालेला नाही, एवढेच म्हणता येईल.

स्त्रीहत्या हा शब्द मराठीला परका नाही. ब्रह्महत्या, गोहत्या, बालहत्या यांच्या पंक्तीत तो जुन्या ग्रंथांत बसलेला आहे. परंतु तो गेल्या पन्नास वर्षांत जगभर वेगळ्या अर्थाने वापरला जाऊ लागला. १९७६ साली ब्रुसेल्स येथे स्त्रियांवरील गुन्ह्यांसंबंधी भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय न्यायसभेत डायना रसेल या विदुषीने तो मांडला: स्त्री आहे म्हणून, स्त्रीवर आपला हक्क आहे असे मानून केलेली हत्या. मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर सिउदाद हुआरेझ हे कारखान्यांचे शहर आहे. अमेरिकेला माल पुरवणाऱ्या कारखान्यांत कामासाठी खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुण मुलींची प्रेते तिथे १९९३ पासून वाळवंटात, ओसाड शेतात सापडू लागली. पोलीस आयांना म्हणत, पोरगी कोणाबरोबर तरी पळाली असेल. २००१ साली कापसाच्या एका शेतात आठ प्रेते सापडली. त्यांपैकी तिघींच्या आयांची तक्रार मानवी हक्कांच्या आंतर-अमेरिकी न्यायालयापर्यंत गेली आणि २००९ साली त्या न्यायालयाने मेक्सिकोच्या सरकारलाच दोषी धरले. त्या आयांनी शहरभर गुलाबी क्रूस उभारले आणि त्यांवर मुलींची नावे लिहिली. तो देश आपल्याच धर्माचा. सावळ्या, गरीब, आदिवासी चेहऱ्याच्या त्या मुली मिस्सेला जाणाऱ्या होत्या, आणि त्यांच्याकडे काणाडोळा करणारे अधिकारीही.

कॅनडातल्या मूळ रहिवासी स्त्रियांचे प्रकरण तर आपल्याला अधिकच अंतर्मुख करणारे आहे. १९८० ते २०१२ या काळात तिथे खून झालेल्या किंवा बेपत्ता झालेल्या अशा स्त्रियांची संख्या तिथल्या पोलिसांनीच १,१८१ दिली. २०१९ साली राष्ट्रीय चौकशी आयोगाने या हत्यांना वंशसंहार म्हटले आणि त्यांची मुळे वसाहतकाळात, मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या निवासी शाळांत दाखवून दिली. त्या शाळांपैकी पुष्कळ शाळा आपल्या ख्रिस्तसभेच्या संस्थांनी चालवल्या होत्या. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२२ मध्ये त्या भूमीवर जाऊन क्षमा मागितली. परक्यांची भूमी जिंकून घेण्याला धर्माची मान्यता देणाऱ्या पंधराव्या शतकातील आज्ञापत्रांवर उभारलेली विचारसरणी व्हॅटिकनने मार्च २०२३ मध्ये नाकारली. उशीर झाला हे खरे. पण क्षमा मागताना पोप महोदयांनी ‘त्या काळी तशीच पद्धत होती’ या सबबीचा आधार घेतला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते, आणि ते का वाटते हे पुढे येईल.

आता आपल्या घराकडे वळू. तळेगाव-चाकणपासून हिंजवडीपर्यंतचा आपला हा पट्टा म्हणजे देशभरातून माणसे ओढून घेणारा भोवरा आहे. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठनंतर औद्योगिक वसाहत वाढली, पुढे चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले. आपण बहुतेकजण या लाटांबरोबरच आलो. कोणी नगरहून, कोणी वसईहून, कोणी मंगळूर, गोवा, केरळहून. आणि या पट्ट्यात स्त्रिया मारल्या गेल्या. २००७ साली रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीला तिला नेणाऱ्या मोटारीच्या चालकानेच गहुंज्याजवळ नेऊन मारले. ती उत्तर प्रदेशातली. २००९ साली खराडीहून पळवलेल्या अभियंता तरुणीचे प्रेत खेड तालुक्यात सापडले. डिसेंबर २०१६ मध्ये तळवड्यात कामावरून घरी निघालेल्या मुलीला भोसकले, ती कोलकात्याची. जानेवारी २०१७ मध्ये हिंजवडीतल्या एका कार्यालयात, रविवारी कामावर आलेल्या मुलीला तिथल्याच रखवालदाराने मारले, ती केरळची.

या प्रत्येक वेळी, मिस्सेनंतर चर्चच्या आवारात, दोन प्रश्न विचारले गेल्याचे मला आठवते. पहिला, ‘ती कोणाकडची होती?’ आणि दुसरा, ‘तो कोणाकडचा होता?’ उत्तर मिळाले की बोलणाऱ्यांचे चेहरे सैल पडत. मारणारा परप्रांतीय असला तर ‘ही बाहेरची माणसे आल्यापासून’ असे वाक्य हमखास सुरू होई. आणि ते म्हणणाऱ्याचा बाप स्वतः पन्नास वर्षांपूर्वी पत्र्याची पेटी घेऊन इथे उतरलेला असे.

इंग्रजांनीही आपल्याकडे नेमके हेच केले होते. १८७० साली स्त्री-अर्भकांच्या हत्या रोखण्यासाठी त्यांनी कायदा केला. हेतू चांगला होता, काही मुली वाचल्याही असतील. पण तो काही ठरावीक जातीकुळांवर संशय ठेवून राबवला गेला. जणू मुलगी मारणे हा त्यांच्या रक्ताचा दोष होता. पुढच्याच वर्षी गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पापालाच वंश चिकटवला गेला. अशा हिशेबाचा लाभ त्या यादीत नसलेल्यांना होतो. ते आपोआप शुद्ध ठरतात. २०११ च्या शिरगणतीत पुणे जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८८३ मुली भरल्या. या सुशिक्षित, कमावत्या जिल्ह्यातील त्या न जन्मलेल्या मुली कोणाकडच्या होत्या, हे चर्चच्या आवारात कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

इथे एक आक्षेप मला प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण त्याचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. आपलेपणावाचून दुःख होत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले गेले, तेव्हा पहिले काही आठवडे महाराष्ट्राला त्याची फारशी वार्ताही नव्हती. दलित समाज रस्त्यावर उतरला म्हणून ते नाव आपल्याला कळले. आणि एवढे होऊनही, तो जातिद्वेषातून घडलेला गुन्हा आहे असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० साली मानले नाही. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीच्या मुलीसाठी मराठा समाज लाखोंनी निघाला. त्या मूक मोर्चांतील शोक खोटा होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. टोळी रडली नाही तर गरिबाच्या लेकीसाठी कोण रडणार? परंतु खैरलांजीसाठी रडलेले किती डोळे कोपर्डीसाठी ओले झाले, आणि कोपर्डीसाठी निघालेली किती पावले दहा वर्षांपूर्वी खैरलांजीसाठी निघाली होती? आपलेपणा मुक्या प्रेताला वाचा देतो. मारणारा आपलाच असला तर तोच आपलेपणा आपली वाचा बंद करतो. त्याच्या खरेपणाची कसोटी लागते ती तिथे.

शास्त्यांच्या पुस्तकाच्या अखेरीस गिबाची हकिगत आहे. ती मिस्सेत वाचली जात नाही, त्यामुळे पुष्कळांना ठाऊक नसते. एक लेवी आपल्या उपपत्नीला बेथलेहेमहून परत घेऊन येत असताना बन्यामिनी लोकांच्या गिबा गावी मुक्कामाला थांबतो. रात्री गावगुंड घराला वेढा घालून लेवीलाच बाहेर मागतात. तो तिला धरून बाहेर ढकलतो. पहाटे ती परत येऊन दारात कोसळते. तिचे हात उंबरठ्यावर असतात. लेवी तिचे बारा तुकडे करून इस्राएलाच्या सर्व वंशांना पाठवतो. सगळे राष्ट्र खवळते, बन्यामिनाच्या वंशावर चाल करून जाते, हजारो माणसे कापली जातात. शेवटी त्या वंशाचे उरलेले पुरुष बायकांवाचून राहतील म्हणून दुसऱ्या गावांच्या शेकडो मुली पळवून त्यांना दिल्या जातात. एका स्त्रीच्या हत्येचा न्याय असा पूर्ण होतो! तिचे नाव शास्त्रात नाही. पण मला सर्वांत अधिक बोचते ती एक लहानशी गोष्ट. राष्ट्राच्या सभेत लेवी उभा राहून घडलेले सांगतो, तेव्हा गुंड आले, त्यांनी मला मारायचे ठरवले होते, तिच्यावर अत्याचार केला, ती मेली, असे सर्व सांगतो. आपणच तिला दाराबाहेर ढकलले, एवढे मात्र तो गाळतो.

इथवर मी दुसऱ्यांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी लिहितो. खरे तर हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही पिंपरीतील एका वसाहतीत राहत होतो. शेजारच्या बिऱ्हाडी नवी सून आली. ती नगरकडची, तिचे आजोबा बाप्तिस्मा घेतलेल्या पहिल्या पिढीतले. सासर समुद्रकाठच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातले. दोघांची गाठ गायकवृंदात पडली होती. ती रंगाने सावळी होती. सासू बोलताना तिचा उल्लेख नावाने न करता ‘आमची काळी’ असा करीत असे, आणि ऐकणारे हसत. मीही हसलो आहे. सामान्य स्वरांच्या वर सहज जाणारा असा तिचा गळा होता. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांत तिने गाणे सोडले.

अलीकडे इरावती कर्व्यांविषयी वाचताना मला तिची आठवण झाली. इरावतीबाई बर्लिनला ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. हा फिशर जर्मनांच्या आफ्रिकेतील वसाहतीत जाऊन वंशांची मोजमापे करून आलेला. त्या वसाहतीत जर्मनांनी हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला होता, आणि छावण्यांतील कैदी स्त्रियांना आपल्याच मेलेल्या माणसांच्या कवट्या काचेच्या तुकड्यांनी खरवडून साफ करायला लावल्या होत्या. त्या कवट्या पेट्यांत भरून जर्मनीला जात. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि, गुरूला आवडणार नाही हे माहीत असूनही, कवटीच्या घडणीचा वंशाच्या श्रेष्ठतेशी संबंध दिसत नाही असे लिहून दिले. पंचविशीही न गाठलेली एक मराठी मुलगी जे पाहिले तेच लिहिते आणि त्याखाली सही करते. मी चाळिशीचा गृहस्थ होतो.

लग्नाला अकरा महिने झाले असताना एका दुपारी ती जळून गेली. ‘स्टोव्हचा भडका’ असे सांगितले गेले. त्या वर्षांत वर्तमानपत्रांत रोज एखादा तरी स्टोव्ह भडकत असे. लग्नाला सात वर्षे झाली नव्हती म्हणून पोलीस आले, पंचनामा झाला, आणि शेजारचा प्रतिष्ठित माणूस म्हणून मला पंच केले गेले. स्वयंपाकघरात, जमिनीवर, स्टोव्ह होता. पंचनाम्यात तसे लिहिले गेले आणि मी सही केली. जे लिहिले गेले नाही ते असे: त्या घरात गॅस होता. दोनच दिवसांपूर्वी भरलेला सिलिंडर जिन्यावरून वर चढवायला मी हात लावला होता. स्टोव्ह माळ्यावर असे, अडीअडचणीसाठी, आणि त्या दिवशी तो खाली कसा आला हे मला कोणी विचारले नाही, मीही सांगितले नाही. भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या गोष्टीही नाहीत. माझी पत्नी म्हणाली, ‘अहो, सांगा ना.’ मी म्हणालो, ‘आपल्या समाजाची लक्तरे वेशीवर कशाला टांगायची?’

तिचे वडील दफनाला आले. त्यांनी टोपी हातात धरून मला विचारले, ‘साहेब, तुम्ही शेजारी होता. काय झालं?’ मी म्हणालो, देवाची इच्छा. ते नगरकडचे होते, आणि आम्ही इकडचे. आज लिहायला हे फार कठीण जाते, पण सासरची माणसे नगरकडची आणि ती आमच्या घराण्यातली असती, तर मी गप्प बसलो नसतो, हे मला नक्की ठाऊक आहे. मी काही गोऱ्या सोजिराला घाबरलो नव्हतो. तिच्या मरणापेक्षा आमचे नाव मला जड वाटले, इतकेच.

तिला कोणी मारले, हे मी पाहिलेले नाही आणि तसे मी म्हणतही नाही. कदाचित तिनेच जाळून घेतले असेल. त्यानेही फार फरक पडत नाही. मी सांगू शकतो ते एवढेच की, पंचनामा खरा नव्हता.

पापाची रचना समाजात असते, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या परिपत्रकात लिहिले आहे, आणि ती रचना अखेरीस व्यक्तींच्या पापांतूनच उभी राहते, हेही त्यांनी सोडलेले नाही. वसाहतवाद, वंशभेद, जात हे शब्द मी वर वापरले. ते खरे आहेत. पण या मोठ्या शब्दांच्या आडोशाला उभे राहणे किती सोयीचे असते, हेही मी अनुभवाने सांगतो. इंग्रजांच्या तराजूची मापे आपल्या हातात कोणी बळेच दिलेली नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२३ साली जगात हेतुपुरस्सर मारल्या गेलेल्या सुमारे ८५,००० स्त्रिया आणि मुलींपैकी ५१,००० हून अधिक त्यांच्या जोडीदाराच्या किंवा घरच्यांच्या हातून मेल्या. म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत ‘तो कोणाकडचा होता?’ याचे उत्तर ‘घरचा’ हेच आहे.

मे २०२५ मध्ये मुळशी तालुक्यात, आपल्या पोलीस आयुक्तालयाच्याच हद्दीत, भुकूम येथे एका तरुण सुनेचा मृत्यू झाला. एक्कावन्न तोळे सोने आणि महागडी मोटार दिल्यानंतरही तिचा छळ झाल्याचा आरोप आहे. प्रकरण न्यायालयात आहे म्हणून अधिक लिहीत नाही. टीव्हीवर तिचे छायाचित्र दिसले तेव्हा जेवताना माझ्या पत्नीने हातातला घास ताटात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. तीस वर्षांत ती त्याविषयी एकदाही बोललेली नाही.

भल्या शोमरोन्याच्या दाखल्यात प्रभूने याजकाची ओळख दिली, लेव्याची दिली, शोमरोन्याची तर दिलीच. वाटेत पडलेल्या जखमी माणसाचा वंश तेवढा सांगितला नाही. त्याचे कपडे लुटारूंनी काढून नेले होते आणि तो अर्धमेला होता. वेशावरून ओळखावा तर वेश नाही, बोलीवरून ओळखावा तर शब्द नाही. तो कोणाकडचा हे कळायला वावच नव्हता.

पंधरा ऑगस्टला मी माझे टिपण वाचून दाखवले. चापेकरांविषयी सांगितले, आणि त्या स्त्रियांची नावे आपल्याकडे नाहीत, हेही सांगितले. नोव्हेंबरमध्ये, मृतांच्या स्मरणदिनी, कबरस्तानात तिची जागा शोधली. लाकडी क्रूस केव्हाच गेलेला. त्या जागेत नंतर दुसऱ्याचे दफन झालेले आहे. मग फादरांना विनंती करून दफनाचे जुने रजिस्टर पाहिले. तिचे नाव आहे, वय तेवीस. मृत्यूचे कारण या रकान्यात ‘अपघात’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिले आहे.

मी फादरांना सारे सांगितले आणि हा शब्द बदलता येईल का, असे विचारले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, जुनी नोंद खोडता येत नाही. मात्र समासात टीप जोडता येईल का, हे त्यांना बिशप हाऊसला विचारावे लागेल. त्यासाठी मला जे ठाऊक आहे ते लेखी द्यावे लागेल, आणि खाली माझे पूर्ण नाव आणि सही लागेल. तिचा नवरा आणि सासू आता हयात नाहीत. पण नवऱ्याची दुसऱ्या लग्नाची मुले याच शहरात आहेत आणि रविवारी आम्हाला भेटतात.

निवेदन मी लिहिले आहे. दीड पान झाले. सिलिंडरची गोष्ट त्यात आहे, माळ्यावरच्या स्टोव्हची आहे, आणि मी हसलो होतो तीही आहे. काल रात्री पत्नीला वाचून दाखवले. तिने चष्मा लावून ते पुन्हा स्वतः वाचले, आणि तिच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न राहिला आहे, तो घाला, म्हणाली.